सतरावा प्रश्न

“काका, हा एकोणचाळीस नंबर काय प्रकार आहे?”

नव्या डॉक्टरीणबाईंनी फॉर्म टेबलावर ठेवला. काकांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

“तीन वेळा फोन केला, कोणी उचलला नाही, असं लिहिलंय. अक्षर तुमचंच ना?”

“माझंच.”

“अहो, त्या एकशे बाराला तुम्ही चौदा वेळा फोन केलात. शेवटी शेजाऱ्याच्या सासूला गाठलंत. आणि इथे तीनात हात टेकलेत?”

“तेव्हा मी नवीन होतो, मॅडम.”

ते नवीन होते हे खरं होतं. फोन तीनदा केला होता हेही खरं होतं. घरी कोणी नसतं अशी वेळ बघून केला होता, कारण तो नंबर त्यांच्याच घरचा होता आणि एकोणचाळीस नंबर ही त्यांची मुलगी होती.

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रे आणि धुतलेल्या चादरींची खोली यांच्या मध्ये त्यांचं ऑफिस होतं. खाण्यातल्या ॲलर्जीने दगावलेल्या माणसांची माहिती तिथे गोळा होई. संशोधन प्रकल्पाचं पूर्ण नाव दारावर मावेना, म्हणून पाटीवर नुसतं ‘नोंदणी’ लिहिलं होतं. त्यामुळे दिवसातून दहाजण केसपेपर काढायला आत डोकावत आणि काका त्यांना खाली पाठवत. नीतिमत्ता समितीच्या नियमाप्रमाणे मेलेल्याचं नाव फॉर्मवर लिहायचं नसे. क्रमांक, वय, फोन नंबर, आणि मग एकतीस प्रश्न.

हे प्रश्न फोनवरून विचारायचं काम काकांचं. सगळं हॉस्पिटल त्यांना मिनिटकाका म्हणे, कारण ‘अंदाजे’ हा शब्द त्यांना चालत नसे. आताही डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या तेव्हा त्यांचा एक फोन चालूच होता.

“त्रास सुरू होऊन दहाएक मिनिटं झाली असतील म्हणता. बरं. टीव्ही चालू होता का?” त्यांनी मवाळ आवाजात विचारलं. “बातम्या? मथळे चालू होते की संपले होते? ... हवामान सांगत होते? मग दहा नव्हेत हो दादा, वीस होतात. ... नाही नाही, तुमची चूक काढत नाहीये. फक्त लिहून घेतोय.”

पलीकडचा माणूस रडायला लागला की काका थांबत. रिसीव्हर कानाला तसाच धरून खिडकीबाहेर बघत. ठेवून देत नसत. आठ वर्षांत त्यांना एवढं कळलं होतं, की माणसं मिनिटांच्या बाबतीत खोटं बोलतात, आणि बहुतेक वेळा ते खोटं स्वतःशीच बोलत असतात.

फोन संपल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हे बघा, ॲलर्जीच्या इंजेक्शनचं पेन वेळेवर दिलं आणि तरीही पेशंट गेला, अशा आपल्याकडे सहाच केसेस आहेत. मोठे सर पुढच्या महिन्यात परिषदेत तेच मांडणार आहेत. पाच पूर्ण आहेत, हीच एक अर्धवट. दवाखान्याच्या कागदावर ‘डोस दिला – होय’ एवढंच आहे.”

“सहा म्हणजे काही फार नाहीत.”

“तुम्हाला नाहीत. आया मला ओपीडीत येऊन विचारतात, देऊनही जातातच ना, मग कशाला टोचायचं? परवा एक आई पेन कपाटात ठेवलंय म्हणाली. देवासारखं.” त्यांनी फॉर्म उचलला. “लहान मुलीची केस आहे, आईशीच बोलते. चार वाजता मीच फोन लावते.”

“मॅडम, मी बघतो ना.”

“तुम्ही आठ वर्षं बघताय, काका,” त्या हसून म्हणाल्या आणि गेल्या.

काकांची बायको शाळेत गणित शिकवायची. पावणेचारला घरी यायची. चार वाजता फोन वाजला की ती उचलणार, पलीकडचा कोवळा आवाज चाचरत विचारणार, आणि ती जे खरं मानत होती तेच सांगणार. बिस्किट मी दिलं. पाकिटावरचं बारीक अक्षर मी वाचलं नाही. यांनी लगेच पेन टोचलं, पण औषधाचा उपयोग झाला नाही.

अकरा वर्षं ती हेच सांगत आली होती. तेव्हापासून ती जे दिसेल त्याच्यावरचं बारीक अक्षर वाचायची. मिठाच्या पाकिटावरचं, साबणावरचं. एकदा काकांनी नवीन छत्री आणली तर तिची चिठ्ठीही वाचली. दुकानदार तिला सरकारी इन्स्पेक्टर समजत आणि आदराने स्टूल देत.

ती जे सांगायची त्यातली पहिली दोन वाक्यं खरी होती. तिसरं खरं नव्हतं, आणि ते जगात एकाच माणसाला माहीत होतं.

काकांनी डबा उघडला आणि बंद केला. केसपेपर मागायला आलेल्या एका म्हाताऱ्याला आज ते स्वतः खालपर्यंत सोडून आले, रांगेत उभं केलं, परत जिना चढले. तरी अडीचच वाजले होते. तीनला पाच कमी असताना ते डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

“एकोणचाळीसचा फॉर्म काढा, मॅडम. नातेवाईक आलेत.”

“कुठायत?” त्यांनी काकांच्या मागे बघितलं.

काका समोरच्या खुर्चीवर बसले.

डॉक्टरीणबाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांच्या हातातलं बॉलपेन खाली आलं. “काका...”

“विचारा. पहिल्यापासून विचारा, मधले गाळू नका.”

“आज नको. आपण नंतर कधीतरी –”

“मॅडम, नंतर कधीतरी म्हटलं की लोक फोन उचलत नाहीत. मला अनुभव आहे.”

त्यांनी विचारायला सुरुवात केली. आवाज पाचव्या-सहाव्या प्रश्नापासून ताळ्यावर आला. काका एकेक उत्तर देत गेले. वय सात. शेंगदाण्याची ॲलर्जी, माहीत होती. पेन घरात होतं, फ्रिजवरच्या टोपलीत, मुदतीच्या आतलं. आई दुसऱ्या खोलीत ॲम्ब्युलन्सला फोन करत होती.

“सोळा. पहिल्या लक्षणानंतर किती मिनिटांनी पेन वापरलं?”

“दोन.”

सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, “नक्की की अंदाजे?” आणि त्या ओशाळल्या.

“बरोबर विचारलंत. नक्की. रेडिओवर एक गाणं सुरू झालं होतं, ते संपलं नव्हतं.”

“सतरा. डोस शरीराच्या कोणत्या भागावर दिला? मांडीची बाहेरची बाजू, इतर, माहीत नाही.”

“इतर.”

“इतर म्हणजे?”

“अंगठा.”

“मुलीचा?”

“वडिलांचा.”

पंखा फिरत होता. डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या.

“त्या पेनाला दोन टोकं असतात,” काका म्हणाले. कुणा पालकाला समजावून सांगावं तसे. “घाईत दोन्ही सारखीच दिसतात. मी उलटं धरलं. तिच्या मांडीवर दाबलं आणि सुई माझ्या अंगठ्यात गेली. पेन एकच होतं. अंगठा पांढरा फटक पडला, मी खिशात घातला. ॲम्ब्युलन्सवाल्याने विचारलं, पेन दिलं? मी म्हटलं, दिलं. बायकोने विचारलं, तिलाही तेच सांगितलं. पुढे कोणी विचारलंच नाही.”

डॉक्टरीणबाईंनी ‘इतर’च्या पुढे लिहिलं, ‘अंगठा, वडिलांचा’.

“छाती अशी धडधडत होती, मॅडम, की बोलता येईना. तिचं औषध माझ्या अंगात धावत होतं. चांगलं औषध आहे. लगेच लागू पडतं. हे कुठे लिहायला जागा असेल तर लिहा.”

उरलेले चौदा प्रश्न त्यांनी पूर्ण केले. शेवटी डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “सहाचे पाच होतील.”

“होऊ द्या.”

“सर चिडतील.”

“सर पाचावरही तासभर बोलतील. तुम्ही त्यांना ओळखत नाही.”

दोघंही हसली नाहीत. फॉर्मच्या तळाला दोन रेघा होत्या. घरातल्या घटनेसाठी दोन्ही पालकांच्या सह्या हव्यात, हा नियम काकांनीच समितीच्या मागे लागून करवून घेतला होता.

“ही दुसरी सही, आईची... मी सोडून देऊ शकते, काका.”

“नका सोडू,” म्हणत त्यांनी फॉर्म पाकिटात घातला.

घरी बायको जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत बसली होती. काका लवकर आलेले बघून तिने विचारलं, “बरं नाही का?”

“बरा आहे. हे जरा वाच.”

तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं, आधी पाकिटावरचं बारीक अक्षर वाचलं, मग कागद काढला. मुलांचा पेपर तपासावा तशी ती वाचत गेली, बोट ओळीखाली धरून. काका उभेच होते. सतराव्या प्रश्नाशी बोट थांबलं.

“अंगठा,” ती म्हणाली.

“हो.”

“मी रोज म्हणते, मी बिस्किट दिलं. तुमच्यासमोर म्हणते. आणि तुम्ही ऐकून घेता.”

“हो.”

“एकदाही वाटलं नाही?”

“रोज वाटलं.”

“वाटून काय करायचंय मला.” तिचा आवाज चढला नव्हता. वर्गात तो कधी चढत नसे, म्हणून मुलं तिला घाबरत. “मी तर त्या औषधालाही शिव्या दिल्या. शाळेत एका आईला सांगितलं, काही उपयोग नसतो म्हणून.”

काकांनी खुर्चीची पाठ धरली. तिने त्यांना बसा म्हटलं नाही.

थोड्या वेळाने तिने विचारलं, “ती काही म्हणाली होती? मी फोनवर होते तेव्हा?”

फॉर्ममध्ये हा प्रश्न नव्हता. काकांनी कधी तो घालूही दिला नव्हता.

“सुईची भीती होती ना तिला. डोळे घट्ट मिटून घेतले होते. झालं का, बाबा, म्हणाली. मी झालं म्हटलं.” ते थांबले. “म्हणाली, दुखलंच नाही.”

बायकोने खाली बघितलं. वह्यांचा गठ्ठा होता तो सरळ केला, कडा जुळवल्या. मग फॉर्मचं पहिलं पान परत काढलं. वयाच्या रकान्यात ‘७’ होते. तिने लाल शाईच्या पेनने पुढे लिहिलं, ‘वर्षे ४ महिने’. नवव्या प्रश्नाला, पदार्थ कोणी दिला, याला काकांनी ‘घरातून’ असं उत्तर दिलं होतं. ते तिने एका सरळ रेघेने खोडलं आणि वर ‘आईने’ असं लिहिलं.

“अर्धवट उत्तराला मी मार्क देत नाही,” ती म्हणाली.

शेवटच्या पानावर काकांच्या सहीशेजारी तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, प्रगतिपुस्तकावर पालकांच्या रेघेवर लिहायची तसं. काकांनी कागदासाठी हात पुढे केला. तिने दिला नाही. शाई अजून ओली होती. ती त्यांच्याकडे न बघता कागदावर वाकली आणि हलकेच फुंकर घालत राहिली.