अंगठ्याएवढा डाग

बावीस वर्षं हात्सुएसान तोयोसाकुच्या कारखान्यात पत्रे धूत होती. एक तांब्याचा, एक चांदीचा, अशी चवड रचायची, शिकंज्यात आवळायची आणि भट्टीत ठेवायची. वितळू द्यायचं नाही, बरं का! नुसतं तापत ठेवलं की तांब्याचे कण चांदीत शिरतात, चांदीचे तांब्यात, आणि सगळ्यांची मिळून एक वीट होते. पण मध्ये हाताचं तेल लागलं की संपलं. म्हणून धुतलेल्या पत्र्याला उघड्या हाताने शिवायचं नाही. जपानमधल्या आकिताच्या त्या गल्लीत हे सोवळ्याहून कडक.

मार्चमध्ये देवळाच्या फुलदाणीसाठी वीट ठोकताना कोपरा उकलला. देवळाची मंडळी समोरच बसलेली. तोयोसाकुचं डोकं फिरलं.

"हात आहेत की पाय हो तुमचे? धुवायचं एवढं एकच काम!"

हात्सुएसानने वाकून चिरेत पाहिलं, एप्रन काढून घडी घातली आणि ती निघून गेली. तोयोसाकुनं तर चिरेत बघायचीही तसदी घेतली नाही. तिचा हात बिघडला, असं गावभर झालं. आता तिला कोण काम देणार?

जूनमध्ये अडकलेली चांदी काढून घ्यायला तोयोसाकुने तीच वीट फोडली. बाकी पत्रे एकजीव, छिन्नीलाही दाद देईनात. उकललेल्या कोपऱ्यात मात्र काळसर डाग होता, अंगठ्याएवढा. रेषा न् रेषा उमटलेली, मधून आडवा व्रण.

तोयोसाकुने स्वतःचा अंगठा उलटा केला. तोच व्रण. अरे मेल्या, तूच की! तिने धुतल्यावर एक पत्रा तिरका वाटला, म्हणून यानेच जरासा सरकवला होता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पत्रा रुमालात बांधून तो तिच्या दारी गेला. ती उमेची आंबट, आलुबुखारासारखी फळं मिठात घालत होती.

"हात्सुएसान, हा डाग... माझा आहे."

"माहीत आहे. त्याच दिवशी पाहिला."

"मग बोलला का नाहीत?"

"पाहुण्यांदेखत तुमची शोभा करू? वाटलं, संध्याकाळी स्वतःच याल. चार गल्ल्या चालायला तीन महिने लागले तुम्हाला."

"उद्या देवळाच्या मंडळींना बोलावतो. सगळ्यांसमोर सांगतो."

"आधी सांगा," ती फळांवर मीठ पसरत म्हणाली, "मग पत्रे धुवायचं बघू."