डेपोमागचं विद्यापीठ

टिटवी हे नाव तिला काकांनी ठेवलं. लहानपणापासून तिची टकळी कधी थांबायची नाही, आणि कुणी 'गप्प बस' म्हटलं की आवाज आणखी चढायचा. शाळा संपता संपता तिला व्हिएतनामी भाषेचं वेड लागलं. बाबांच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती काउंटरमागे बसून फोनवरचे धडे मोठ्यानं घोकायची. त्या भाषेत सूर बदलला की अर्थच बदलतो. एकदा तिनं लाडात येऊन आईला त्या भाषेत हाक मारली आणि लगेच जीभ चावली.

"अगं, सूर चुकला. मी तुला भूत म्हटलं."

"सकाळपासून राबतेय, दिसतही असेन तशी," आई म्हणाली.

पदवीला आशियाई भाषा आणि संस्कृती हाच विषय घेणार, असं तिनं सांगितल्यावर बाबांनी कपाळावर हात मारला, पण फार ताणलं नाही. ताणलं काकांनी. काका वकील, त्यांच्या शब्दाशिवाय घरात पान हलत नसे. बरीच डोकेफोड झाल्यावर ते म्हणाले, "भाषा तर भाषा. पण विद्यापीठ मी सांगेन तेच."

तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक गावाच्या मधोमध, दगडी कमानींचं. त्याचं नुसतं नाव घेतलं तरी लोक खुर्ची पुढे करत. दुसरं बस डेपोच्या मागे, जिथे वर्गातही इंजिनांची घरघर ऐकू येई. दगडी विद्यापीठ बघायला काका स्वतः आले, नवा कोट घालून.

तिथले विभागप्रमुख मोठे गोड बोलले. टिटवीनं व्हिएतनामीतून दोन वाक्यं म्हणून दाखवली तर "वा, वा!" म्हणाले.

"ही भाषा इथे कोण शिकवतं?" तिनं विचारलं.

"भाषा आपल्याकडे ऐच्छिक. जपानीचा वर्षभराचा वर्ग आहे. बाकी सगळं अनुवादातून. उत्तम अनुवाद आहेत आता."

"म्हणजे मी आता म्हटलं ते बरोबर होतं की चूक, हे तुम्हाला कळलं नाही?"

काकांनी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. ते पुसत ती उत्तराची वाट बघत राहिली. उत्तर आलं नाही, चहा आला.

डेपोमागे यायला काकांनी साफ नकार दिला, म्हणून ती एकटी गेली. कँटीनच्या वरच्या खोलीत तास चालू होता. शिकवणाऱ्या बाईंनी तिला दारातच थांबवून बोलायला लावलं. पहिल्याच शब्दाला मान हलवली. "चूक. पुन्हा." पुन्हा चूक. सगळ्या वर्गासमोर घसा कोरडा पडेपर्यंत त्यांनी तिला तोच शब्द म्हणायला लावला, आणि अखेर एकदा बरोबर आल्यावर कौतुक न करता म्हणाल्या, "बस आता." ती बसली ती तास संपेपर्यंत हलली नाही. इथे भाषा सक्तीची होती, आणि तिसऱ्या वर्षी काही महिने तिकडे जाऊन राहणंही.

घरी आली तर हॉलमध्ये सगळे खुशीत. काकांनी दगडी विद्यापीठाला तिच्या वतीनं परस्पर होकार कळवून टाकला होता.

"माझा पासवर्ड कुणी दिला?"

बाबा हातातला चष्मा पुसत राहिले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"बाबा, तुम्ही?"

"तुझ्या भल्यासाठीच गं," बाबा पुटपुटले.

"अगं, पुढे लोक नाव विचारतील," काका म्हणाले. "डेपोमागे शिकले म्हणून सांगणार आहेस?"

"हो. आणि सांगून झालं की त्यांना व्हिएतनामी बोलूनही दाखवीन." तिनं तिथेच दगडी विद्यापीठाला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"टिटवे, फोन ठेव."

"ठेवते. बोलणं झालं की."

पलीकडच्या बाईंना तिनं आपलं नाव सांगितलं, होकार आपण दिलेला नाही हे सांगितलं, आणि जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाका म्हणाली. शब्द एकही गिळला नाही. काका उठले आणि कोट खांद्यावर टाकून चालते झाले. पुढे काही दिवसांनी बाबांनी "चुकलं माझं" म्हटलं, तेही पाठमोरं उभं राहून.

डेपोमागे पहिल्या वर्षी ऐकण्याच्या परीक्षेत टिटवी नापास झाली. बातमी काकांपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार! ते मुद्दाम भेटायला आले.

"काय? मी सांगत होतो ना?"

"मी व्हिएतनामीत नापास झाले, काका. तुमच्या विद्यापीठात नापास व्हायलाही मिळालं नसतं."

आई तोंडाला पदर लावून आत पळाली. बाबांना तेवढंही जमलं नाही. ते काकांच्या समोरच खो खो हसले. टिटवीनं मात्र कानात हेडफोन घातले आणि पुरवणी परीक्षेचा पहिला धडा लावला.