खिडकीबाईची खुर्ची

"परत टोचतंय!" खिडकीबाई कडाडली, तसा तिकिटांच्या रांगेतला पहिला माणूस आपणहून दोन पावलं मागे सरला. "वेत विणलाय की काटे पेरलेत?"

वेतवाला खाली बसून खुर्चीच्या बैठकीवरून तळहात फिरवत होता. एकदा सुलटा, एकदा उलटा. "बाई, लोण्यासारखी झालीय. माझं नातवंड झोपवीन मी हिच्यावर."

"मग घेऊन जा आणि झोपव! मला दिवसभर बसायचं असतं."

सिनेमागृहाच्या त्या खिडकीत बाई इतकी वर्षं बसली होती, की गावाने तिला कमरेखाली कधी पाहिलंच नव्हतं. पोरं म्हणत, तिला पायच नाहीत, खुर्चीतूनच उगवलीय ती. तिच्या आवाजाने म्हणे एकदा पडद्यावरचा खलनायक दचकून संवाद विसरला होता. खरंखोटं पडदाच जाणे. पण भल्याभल्यांना तोंडावर वाट्टेल ते ऐकवणारी ही बाई आपल्या त्या अर्ध्या देहाबद्दल गावाइतकीच अडाणी होती. आधी खाज आली, मग बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. एकदा तिने आरसा हातात घेतला होता. मग दिवा मालवला आणि अंधारातच आरसा जागेवर ठेवून दिला.

त्यापेक्षा खुर्चीवर खापर फोडणं सोपं होतं. वेतवाल्याने बैठक पुन्हा पुन्हा उसवली, पुन्हा पुन्हा विणली. शेवटी बाईने मॅनेजरचे असे काही कान भरले, की त्या माणसाचं तिथलं सगळंच काम गेलं, बाल्कनीतल्या खुर्च्यांसकट. बाईला पांढरी प्लास्टिकची खुर्ची मिळाली. तीही टोचली. आणि एका दुपारी तिच्यावर रक्ताचा डाग दिसला. पाळी जाऊन तर जमाना लोटला होता.

नणंदेने कपडे पाहिले आणि तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

"कुठे दुखतं?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

खिडकीबाईने मांडीकडे बोट केलं.

"मांडीला?"

"जरा वर."

"कंबर?"

"जरा खाली."

"अहो वहिनी," नणंद वैतागली, "अख्ख्या गावाला जागा दाखवता, आणि स्वतःची एक दाखवता येईना?"

तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाईने खुर्ची पुढे ओढली आणि सरळ सांगितलं, "कॅन्सर आहे. योनीच्या बाहेरच्या ओठाचा. आता बघायचं ते एवढंच, की तो जांघेतल्या गाठींपर्यंत पोचलाय का."

खिडकीबाई भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत राहिली. त्या जागेचं नाव असं दिवसाढवळ्या, पंखा चालू असताना कुणी उच्चारतं, हेच तिला नवीन होतं.

"जखम अगदी वरवरची असती, तर ती भीती जवळजवळ नसती. ती जितकी मोठी, जितकी खोल, तितका धोका वाढतो. तुमची खोल उतरलीय. शिवाय तिथल्या बारीक वाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी दिसल्यात."

"आणि जांघेत ही हाताला लागते ती गाठ?" नणंदेने विचारलं.

"नुसती सूजही असू शकते. काढून तपासल्याशिवाय मी काही सांगणार नाही. ऑपरेशन सोमवारी करू. खाज कधीपासून होती?"

"पहिल्यांदा वेत बदलला तेव्हापासून," खिडकीबाई पुटपुटली.

"म्हणजे?"

"म्हणजे तीन-एक वर्षं झाली, डॉक्टर," नणंदेने हिशेब लावला. आणि लावता लावता तिचा चेहरा उतरला. "अहो वहिनी! मग तो बिचारा वेतवाला..."

खिडकीबाईने मान खाली घातली ती घरी पोचेपर्यंत वर केली नाही.

रविवारी ती एकटीच निघाली. हळूहळू, पाय फाकवून चालत. कोपऱ्यावरची पोरं खेळ थांबवून बघत राहिली. "अरे, पाय आहेत!" एकजण ओरडला. एरवी त्याची खैर नव्हती. आज ती मुकाट पुढे गेली.

वेतवाला आपल्या पडवीत बादलीत वेत भिजवत होता. "आता काय टोचतंय, बाई?"

"खुर्ची बरोबर होती."

"ते मी तेव्हाच सांगितलं होतं."

"दुखणं माझं होतं. अशा ठिकाणचं, की..." खलनायकाला दचकवणारा आवाज पडवीबाहेरही गेला नसता. "उद्या ऑपरेशन आहे. मॅनेजरला सांगून आलेय, मी खोटं बोलले म्हणून."

वेतवाल्याने ओले हात बराच वेळ पुसले. "काम गेलं ते गेलं. पण मी त्या बैठकीत खोट शोधत बसलो, बाई. रोज. आपल्या हातातच काही उरलं नाही, असं वाटायला लागलं होतं."

तो आत गेला, एक नवी विणलेली खुर्ची घेऊन आला. तिच्या उभं राहण्याकडे एकदा बघून पुन्हा आत गेला, चादरीची घडी आणली आणि बैठकीवर ठेवली.

खिडकीबाईने घडी उचलून बाजूला ठेवली. खुर्चीचे दोन्ही हात धरून ती नुसत्या वेतावर टेकली. कपाळावर घाम फुटला.

"कशी झालीय?" त्याने बादलीकडे बघतच विचारलं.

"लोण्यासारखी," ती म्हणाली, आणि तिने उठायची घाई केली नाही.