जयापुरापर्यंत पुरेल इतकी आच

नीदारला तिसरा महिना लागला होता आणि पोटात अन्न ठरत नव्हतं. माझी ही धाकटी लेक जयापुराला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. फोनवर एवढंच म्हणाली, "आमाक, तुझ्या हातचं रेंदांग असतं तर दोन घास गेले असते."

थोरला स्याफ्रिल तिच्याकडे निघालाच होता. मी पहाटे म्हशीचं मांस नारळाच्या दुधात चढवलं. रेंदांग किती आटवायचं हे आमच्याकडे वाटेवर ठरतं. शेजारच्या गावी न्यायचं तर रस्सा ठेवायचा, समुद्रापार न्यायचं तर काळं, कोरडं होईस्तोवर हलवत बसायचं.

"किती लांब आहे रे?"

त्याने फोनमध्ये पाहिलं. "साडेचार हजार किलोमीटर. विमानाला सहा तास."

"एवढेच?"

"आता काय आगबोटीने जायचंय? उतरव, आमाक. तिला रसाळच आवडतं."

सहा तास म्हणजे सकाळी रांधून दुपारी जेवण्यासारखं. मी लाकडं ओढून घेतली आणि डबा धुवायला गेले. डब्याशेजारीच त्याचं तिकीट पडलं होतं. बोट ठेवत ठेवत मी ते वाचलं.

"पाडांगहून पाचला. जकार्ता पावणेसात. मग एकदम रात्री पावणेबारा?"

"तिथे थांबावं लागतं. सरळ विमान नाही."

"आणि उतरणार सकाळी सातला! अरे गाढवा, मग सहा तास कुठले?"

"ते सरळ रेघेचे."

"तू रेघेवरून चालत जाणारेस का?"

तो हसला. "त्यातले दोन तास खोटे आहेत हं. तिकडची घड्याळं पुढे असतात."

"बरं, दोन सोडले."

विमानतळावर न्यायला गाडी दुपारी बाराला येणार होती, नीदारचं दार दुसऱ्या दिवशी साडेआठला. बोटांवर मोजलं, साडेअठरा तास. तेवढ्या वेळात रस्सा आंबला असता. आंबलेलं एकदा नाकाशी गेलं, की पोरीने पुन्हा त्याच्याकडे बघितलं नसतं.

इथे सकाळचे साडेआठ वाजले होते. मी दोन्ही चुली पेटवल्या, अर्धं मांस दुसऱ्या कढईत घातलं.

"धर कालथा. तळाला लागू देऊ नकोस."

"आमाक, माझा नवा शर्ट!"

"काढून ठेव. कोण बघतंय तुला?"

बाराला गाडीवाल्याने भोंगा वाजवला. तेल सुटलं होतं, पण रंग अजून तपकिरीच. स्याफ्रिल घामाघूम होऊन माझ्याकडे बघायला लागला. मी गाडीवाल्याला आत बोलावून कॉफी दिली, बशीत एक तुकडा दिला. त्याने सावकाश चावून पाहिला.

"कुठवर जाणार हे?"

"जयापुरा."

"मग अजून पाव तास," म्हणाला, आणि बूट काढून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीदारचा फोन आला.

"फार कोरडं झालंय गं."

"नाही जात का? मग ठेव बाजूला."

"काय ठेवू? संपत आलंय ताटातलं. दादाला म्हटलं, आणखी भात लाव."