परातीतल्या अळ्या

धुरीबाबाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पाण्याने भरलेली परात, परातीत उपडी वाटी, वाटीच्या बुडावर निखारा. बाबा रोग्याचं तोंड परातीवर वाकवी, डोक्यावरून चादर टाकी आणि निखाऱ्यावर चिमूटभर औषध सोडी. धूर उठे, रोगी खोके. चादर काढली की पाण्यात बारीक पांढऱ्या अळ्या तरंगत. लोक माना लांब करून बघत आणि हात जोडत.

सुताराची बायको सगळ्यांत पुढे बसलेली असे. नवऱ्याची उजवी नाकपुडी कित्येक महिने चोंदली होती, उशीवर रक्ताचे डाग पडत आणि आता त्या बाजूचा डोळा पुढे आल्यासारखा दिसू लागला होता. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, नाकामागच्या पोकळीत गाठ आहे, तुकडा काढून तपासू, ऑपरेशन लागेल, डोळा जवळ आहे म्हणून उशीर करू नका. मलाच का, असं सुताराने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की लाकडाचा भुसा वर्षानुवर्षं नाकात जातो, ते एक कारण; शिवाय अशा काही गाठींत एक विषाणूही सापडतो. ऑपरेशन म्हटल्यावर दोघं घाबरून घरी परतले. नणंदेने हाताला धरून इकडे आणलं.

विषाणूची गोष्ट बाबाच्या कानावर गेली, तसा तो खुशीत आला. परातीतली अळी काडीवर उचलून म्हणाला, "मग हा कोण पोहतोय? ते दुर्बीण लावून शोधत बसतात, मी परातीत काढून हातात देतो." अंगण हसलं. सुतारही हसला, खूप दिवसांनी. त्याला बरंही वाटे. धुरीनंतर नाक कोरडं पडे, डोकं हलकं होई. बायकोला तेवढं पुरे होतं.

पुढे त्याला चालवेना. बाबाने औषधाची पुडी घरी दिली.

एका दुपारी तिने परात मांडली, निखारा ठेवला, औषध सोडलं आणि हाक मारली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. "आज नको गं," तो म्हणाला. "डोळ्यामागे कोणी रंधा मारतंय." धूर घरभर होऊ नये म्हणून तिने परातीवर चादर टाकली. थोड्या वेळाने उचलली, तर पाण्यात अळ्या.

तिथे कुणाचं नाक नव्हतं.

रोग घरातल्या हवेत भरला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. परात दाराबाहेर उन्हात नेली, पाणी बदललं, पुन्हा चिमूट सोडली. पुन्हा अळ्या. ती तिथेच उंबऱ्यावर बसली. हे आपण पाहिलंच नसतं तर बरं, असं तिला वाटलं. त्या अळ्यांखेरीज तिच्याकडे दुसरी आशा नव्हती.

नणंद म्हणाली, शंका घेतली की गुण जातो.

"गुण नाही, वन्सं, डोळा चाललाय," ती म्हणाली आणि नवऱ्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिने बरोबर आणलेल्या पुडीतलं एक बारीक बी सुईने फोडलं आणि तिला भिंगातून बघायला लावलं. आत पांढरा कोंब वेटोळं करून बसला होता. बी तापलं की फुटतं, कोंब उडून पाण्यात पडतो, तीच बाबाची अळी. बी विषारी आहे, त्याच्या धुराने नाक सुकतं आणि गुंगी येते, म्हणून बरं वाटतं. गाठ आत वाढतच होती.

"आणि विषाणू?" तिने विचारलं.

"तो नुसत्या डोळ्यांना कधीच दिसत नाही. काही गाठींत सापडतो, काहींत नाही. तो गाठ घडवतो की नुसता येऊन राहतो, हे अजून शोधताहेत. मला जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगते. धुरीने तो निघत नाही, हे मात्र माहीत आहे."

मग त्यांनी आवाज खाली आणला. पहिल्यांदा आले तेव्हाच ऑपरेशन झालं असतं तर डोळा राहण्याची बरीच आशा होती. आता तोही काढावा लागेल.

"चालेल," सुतार म्हणाला. "फळी सरळ आहे का ते मी एकाच डोळ्याने बघतो." कुणीच हसलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती परात घेऊन बाबाच्या अंगणात गेली. बाबाच्याच घागरीतलं पाणी ओतलं, बाबाच्याच चुलीतला निखारा ठेवला, पुडी उलटी केली आणि चादर टाकून दूर उभी राहिली. चादर उचलली तेव्हा पाणी अळ्यांनी भरलं होतं. बाबा म्हणाला, बाईच्या घराला दोष आहे, तो पाण्यात उतरला. पुष्कळांनी माना डोलावल्या.

"मी शहाणी नाही," ती लोकांना म्हणाली. "मीही इथेच हात जोडून बसत होते. पण तुमच्या डोळ्यांदेखत हे पुडीतल्या बियांमधून निघालं. बाबाला सांगा, कुणाच्याही नाकाशिवाय धुरी करून दाखव, आणि काय पडतं ते बघा. एकच नाकपुडी चोंदत असेल, रक्त येत असेल, तर आजच दवाखान्यात जा. माझ्या नवऱ्याचा डोळा उद्या काढणार आहेत."

अंगणात एकच बाप उठला. नाकाला फडकं धरलेल्या पोरीला त्याने कडेवर घेतलं आणि विचारलं, दवाखान्याकडे कुठल्या रस्त्याने जायचं.