रक्षिताच्या नावाची नळी

शिवगंगाच्या गावात रक्ताची चिठ्ठी दाखवल्याशिवाय साखरपुडा होत नव्हता, आणि हा नियम शिवगंगानंच गावाच्या गळी उतरवला होता. आशाताई म्हणून दहा वर्षं ती घरोघर सांगत फिरली. नवरा-नवरी दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असले, तर होणारं मूल जन्मभर दुसऱ्याच्या रक्तावर जगायची भीती. वाहक माणूस मात्र चांगला धडधाकट दिसतो, तेव्हा दिसण्यावर जाऊ नका. एवढं सांगणारी बाई, पण घरची वेळ आली आणि स्वतःच दिसण्यावर गेली.

तिची एकुलती लेक रक्षिता मामाच्या घरात द्यायची, हे बारशातच ठरलेलं. मामा रुद्राप्पा शिवगंगाचा धाकटा भाऊ, आणि मल्लेश त्याचा मुलगा. मल्लेशची चिठ्ठी गेल्या महिन्यात आली, वाहक म्हणून.

"एकालाच असलं तर पोरांना काय हुईत न्हाय, असं तूच सांगतीस की अक्का," रुद्राप्पा म्हणाला. खरंच होतं ते. आता सगळं रक्षिताच्या चिठ्ठीवर आलं.

गावात रक्ततपासणीचं शिबिर लागलं, त्या दिवशी शिवगंगानं पोरीला साड्या बघायला जयसिंगपूरला धाडलं. मग रक्षिताच्या नावाची नळी पुढं केली आणि स्वतःचाच हात उघडा केला. कोल्हापूरहून आलेला तंत्रज्ञ नवा होता, सकाळपासून सुया टोचून कंटाळलेला. त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पोरगी सदा फिकी, तिचा भरवसा नाही; आपल्याला मात्र कधी साधा ताप नाही, आपलं रक्त चोखच असणार, असं ती धरून चालली होती.

आज चिठ्ठी आली. रक्षिता, वाहक.

रुद्राप्पा उंबऱ्याच्या आत आला नाही. "लगीन मोडलं म्हणायचं. तुझाच नियम हाय, अक्का." पाणीही न पिता तो निघून गेला.

रक्षितानं चिठ्ठी दोनदा वाचली. "अव्वा, माझं रक्त कवा घेतलं? मी तर जयसिंगपूरला गेलते."

शिवगंगानं सगळं सांगितलं. सांगताना तिला लेकीकडं बघवेना.

"म्हंजे मला असंल, न्हायतर नसंल बी?"

"व्हय. निम्मं-निम्मं."

"मग माझं घ्या की आता. उद्याच जाऊ."

शिवगंगा जागची हलली नाही. पोरीचं रक्त चोख निघालं तर लग्न होईल, पण पहिली चिठ्ठी खोटी कशी, हे सगळे विचारतील. अंबूबाईच्या लेकीचं जमलेलं लग्न तिनं असल्याच चिठ्ठीवरून मोडलं होतं. ती अंबूबाई दारात येऊन बसेल. काम जाईल, आणि गावात पुन्हा कुणी सुईपुढं हात करणार नाही. पोरगीही वाहक निघाली, तर मात्र कुणी काही विचारणार नाही.

"चल की, अव्वा."

शिवगंगानं सवयीनं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. पोरीसाठी काही मागावं म्हणून डोळे मिटले, आणि मनात आलं, तिलाही असू दे.

तिनं घाबरून मूठ सोडली. रक्षिता अजून उत्तराची वाट बघत होती.