दाराला लावलेली पाठ

या, असे पुढे सरका. मागच्या बाईंनाही जागा द्या. दाराशी उभं राहून ऐकलं की अर्धी गोष्ट वाऱ्यावर जाते, आणि आज तर गोष्टच एका दाराची आहे. देवाचं दार ठोठावणाऱ्यांच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या, ऐकता ऐकता डोळे पुसले. आज दाराच्या आतल्या बाजूला जी बसली होती तिच्यापाशी जाऊ. तिच्यापाशी सहसा कुणी जात नाही.

कॉलेजच्या मागच्या फाटकातून एक गल्ली खाली उतरते. तिच्यात इस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढली खोली. चालवणारी बाई पासष्टीला टेकली, गुडघ्यांनी संप पुकारला, तरी सगळी गल्ली तिला धाकटीच म्हणे. थोरला भाऊ परत आला असता तर हे नाव कधीच गळून पडलं असतं. तो आला नाही, म्हणून ही धाकटीच राहिली.

थोरला कॉलेजात शिकत होता तो काळ मोठा वाईट. देशात एका सेनापतीचा शब्द म्हणजे कायदा. चार पोरं चहाला बसली तर पाचवा कान कुणाचा ते आधी पाहावं लागे. पोरांनी तरीही तोंड उघडलं. एका दुपारी कॉलेजात सैनिक घुसले आणि पोरं वाट फुटेल तिकडे पळाली. या गल्लीत तर पुराचं पाणी यावं तशी आली. दारं वाजवत गेली, म्हणतात एकही दार उघडलं नाही. थोरल्यानं स्वतःच्या घराचं दार वाजवलं. तेही उघडलं नाही. गल्लीच्या तोंडावर त्याला धरलं, आणि पुढे काय झालं ते आजतागायत कुणाला माहीत नाही.

गल्लीनं मात्र दुसऱ्या दिवसापासून बोलायला सुरुवात केली. लोक बोलायला लागले की आपलं बंद दार विसरतात आणि शेजाऱ्याचं मोजतात. पोटच्या पोराला दार उघडलं नाही म्हणे. हे वाक्य आई मरेपर्यंत तिच्या मागून चाललं, आणि ती गेल्यावर धाकटीच्या मागून चालू लागलं.

आता त्याच दुपारचा सिनेमा निघत होता. सरकार केव्हाच बदललं होतं, सेनापती आपल्या बिछान्यात म्हातारा होऊन मेला होता. सिनेमावाल्यांनी गल्ली भाड्यानं घेतली, ताज्या रंगवलेल्या भिंतींना जुनाट रंग फासला, वातानुकूलन यंत्रांवर फळकुटं ठोकली. धाकटीचं दार तेच जुनं दोन फळ्यांचं होतं, तरी एका पोरानं त्यावर तपकिरी रंगाचे हात मारले. ती त्याला म्हणाली, बाळा, याला म्हातारं करायला तू थोडा उशिरा आलास.

तिला कामही मिळालं. शूटिंगचे सगळे कपडे इस्त्रीला तिच्याकडे, सैनिकांचे गणवेशसुद्धा. त्या खाकी बाह्यांवर घडी पाडताना तिचा हात जड व्हायचा. मग ती देवाचं नाव घेऊन इस्त्री पुढे ढकलायची. थोरल्याचं काम करणारा नट शर्ट न्यायला स्वतः यायचा. पोरगा सालस होता. दार वाजवण्याचा प्रसंग घ्यायचा त्या दिवशी त्यानं विचारलं, मावशी, खरा थोरला दार वाजवताना काय म्हणाला होता? तिनं कॉलर सारखी केली. मग म्हणाली, "एकदाच आई म्हणाला. दुसऱ्यांदा नाही."

हे झालं सकाळी. त्यानंतर बाहेर तालीम सुरू झाली आणि शेजारणीचं काम करणारी नटी मोठ्यानं बोलली: सख्ख्या आईनंसुद्धा उघडलं नाही. धाकटीच्या हातातली इस्त्री तशीच थांबली. गणवेशाची बाही पिवळी पडून वास सुटला तेव्हा ती भानावर आली.

ती तडक दिग्दर्शकापाशी गेली. म्हणाली, ते वाक्य काढा, तसं नव्हतं. तो काही वाईट माणूस नव्हता. घाईतला माणूस होता, आणि घाईतल्या माणसाला अर्धंच ऐकू येतं. त्यानं खांद्यावर हात ठेवून समजूत घातली की यात तुमच्या आईचा दोष नाही, सगळी गल्लीच घाबरली होती, तेच तर आम्हाला दाखवायचंय. शिवाय रस्ता आजच्यापुरताच बंद करून मिळालाय, ऊन उतरायच्या आत दार वाजवण्याचा प्रसंग घ्यायलाच हवा. धाकटी म्हणाली, मी सांगते ते ऐक तरी. तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो गेला.

दार आतून लावायचं होतं, म्हणून तिला आतच राहायचं होतं. तिनं अडसर घातला. खोलीत इस्त्रीची ऊब, कपड्यांचे ढीग, खिडकीवर सिनेमावाल्यांनी बाहेरून ठोकलेली फळी. मागचं दार दिव्यांच्या वायरींनी अडवलेलं. आपल्याच घरात तिला कोंडल्यासारखं झालं, आणि ते कोंडणं ओळखीचं होतं.

बाहेर आरडाओरडा झाला, पावलं धावली, दारावर धपाधप मुठी बसल्या. मग कुणी "कट" म्हणालं. दिग्दर्शक फटीला तोंड लावून सांगू लागला की अडसर ढिला आहे, फळ्या थरथरतात, दार आता उघडेल असं वाटतं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. आत पाठवायला माणूस नव्हता. वायरी हलवायच्या तर दिवे पुन्हा लावा. शेवटी तो म्हणाला, "मावशी, एक करा. दाराला पाठ लावून खाली बसा. तुमचा भार राहू द्या दारावर."

मायबापहो, त्याला काय ठाऊक तो कुणाच्या जागेवर कुणाला बसवतोय.

धाकटी अंगावरची शाल आवरत बसली. थेट आईच्या जागी बसली. थोरला गेला त्या दिवशी धाकटी नऊ-दहा वर्षांची होती. आईनं अडसर घातला, दाराला पाठ लावून बसली, हिचं तोंड मांडीत दाबलं आणि वर हात ठेवला. आयुष्यभर धाकटीला आठवत राहिला तो हातच. आईच्या हाताला कोळशाच्या इस्त्रीचा वास होता. पाठीचा विचार तिनं कधी केला नव्हता.

पावलं धावत आली. पहिली मूठ बसली ती दारातून सरळ तिच्या पाठीच्या कण्यात उतरली. दुसरी त्याहून खाली. तेव्हा तिला कळलं की आईनं थोरल्याला नुसतं ऐकलं नव्हतं. त्याची एकेक मूठ पाठीवर घेतली होती. लहानपणी झोप यावी म्हणून ज्याच्या पाठीवर थोपटलं, तो तिच्या पाठीवर थोपटत होता आणि मध्ये फक्त एक फळी होती.

आणि मग बाहेरचा पोरगा म्हणाला, "आई."

हे कागदावर नव्हतं. सकाळचं ऐकलेलं त्याच्या तोंडून निघून गेलं. एकदाच म्हणाला. दुसऱ्यांदा नाही. पावलं पुढच्या दाराकडे गेली.

बाहेर आनंदीआनंद झाला, दार या खेपेला भिंतीसारखं उभं राहिलं होतं. दिग्दर्शकानं हाक मारली, मावशी, झालं, उघडा. आतून काही नाही. त्यानं दार वाजवलं. पुन्हा काही नाही. म्हातारीला काही झालं की काय म्हणून माणसं गोळा झाली. दिग्दर्शक फटीशी वाकून हलकेच म्हणाला, "मावशी, उघडा ना. शूटिंग संपलंय."

आतून आवाज आला, अगदी दबका, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं तसा.

"कसं उघडू? कपड्यांच्या ढिगाखाली तिघं आहेत."

"कोण तिघं?"

"थोरल्याच्या वर्गातले. दोन पोरं आणि एक वेणीवाली. त्याच्या आधी आले. आईनं त्यांच्यावर इस्त्रीला आलेल्या वसतिगृहाच्या चादरी टाकल्यात. त्याच्या मागे सैनिक आहेत रे. त्याला आत घेतलं की तेही आत येणार."

घाईतला माणूस उंबऱ्याबाहेर खाली बसला. ऊन उतरत होतं, हाताखालची माणसं घड्याळ दाखवत होती, त्यानं मान वर केली नाही. दाराला कान लावून त्यानं उरलेलं ऐकलं. आईनं दुसऱ्या दिवशी त्या तिघांना इस्त्रीचे कपडे घालून, हातात गठ्ठे देऊन, गिऱ्हाईक असल्यासारखं एकेक करून बाहेर काढलं. ते तिघं जिथं गेले असतील तिथं सेनापतीचे हात पोचू नयेत म्हणून ती गप्प राहिली. धाकटी कधी रडून म्हणायची, आई, लोकांना सांगून टाक. तेव्हा आई म्हणायची, "तू पाहिलंस ना? मग पुरे."

"ती म्हणाली पुरे," धाकटी आतून म्हणाली, "पण मला पुरलं नाही."

मग अडसर सरकल्याचा आवाज आला. दार उघडायला तिला वेळ लागला, गुडघे आखडले होते. नट तिच्या पाया पडायला वाकला, तर ती म्हणाली, आधी शर्ट काढ, चुरगळलाय.

दिग्दर्शकानं खोटं वचन दिलं नाही. तिघांचा प्रसंग घ्यायला ना दिवस होता ना पैसा. त्यानं शेजारणीचं वाक्य काढून टाकलं. एवढंच त्याच्या हातात होतं आणि तेवढं त्यानं केलं.

सिनेमा पडद्यावर आला. लोक पाहतात, बंद दार दिसलं की कळवळून म्हणतात, काय भित्री माणसं. आईची बाजू सांगणारा शब्द त्यात कुठंच नाही. धाकटीनं तो थिएटरात मागच्या रांगेत बसून पाहिला. दार पडद्यावर आलं तेव्हा तिनं शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला आणि बोट दाखवलं. दाराच्या खालच्या फटीतून शालीचं टोक बाहेर आलं आहे. शूटिंगच्या घाईत ते कुणाला दिसलं नाही आणि नंतर कुणी काढलं नाही.

तर मायबापहो, तुम्ही तो सिनेमा पाहाल तेव्हा पोरासाठी रडा, रडायलाच हवं. पण नजर थोडी खाली आणा. ते टोक दिसलं की आत पाठ लावून बसलेल्या त्या आईची आठवण काढा. तिचं नाव मला ठाऊक नाही. ज्याच्या दारी कुणाला नाव सांगावं लागत नाही, त्या देवापाशी हात जोडताना तेवढं टोक मनात धरा.